फूल कोमेजू द्या, मग बुद्धाचं नाव घ्या

बुद्धपौर्णिमा जवळ आली की बुद्ध, कमळ, बोधीवृक्ष यांच्यावरच्या नव्या चित्रांची लाट येते आणि तिच्या मागोमाग तोच जुना वादही येतो. एक बाजू म्हणते हे सगळं हॉटेलच्या लॉबीतलं आणि स्पामधलं सजावटीचं सामान आहे, डोळे मिटलेला बुद्ध, बाजूला गुलाबी कमळ, भोवती सोनेरी फ्रेम, ह्यात बुद्धाचा विचार कुठेय? दुसरी बाजू म्हणते चित्र चित्र म्हणून बघा, ते बघून कुणाला पाच मिनिटं शांत वाटलं तर त्यात वाईट काय, सगळीकडे विचारधारा कशाला आणता. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलतात हे मान्य, पण वाद चुकीच्या जागी अडकलाय, कारण दोघंही चित्रात काय काढलंय एवढंच बघतायत. त्या फुलाचं पुढे काय होतं, हे कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं असं आहे की बौद्ध परंपरेत फूल वाहतात ते कोमेजणार हे माहीत असताना, आणि आजच्या कलेतल्या ज्या कामात तो काळ शिरतो, ते कोमेजणं आणि ती रोजची निगा शिरते, ते काम बुद्धाच्या विचाराच्या जवळ जातं, मग त्यात बुद्धाची मूर्ती असो नाहीतर नसो. आणि अशी कला पळपुटी नसते, उलट ती बरीच कठोर असते.

हे मी कुठून लांबून आणत नाहीये. आपल्याकडे गावोगावच्या विहारांत वंदना होते, त्यात फुलं वाहताना जी गाथा म्हणतात ती कितीतरी घरांत लहान पोरांनाही पाठ असते. 'पूजेमि बुद्धं कुसुमेन नेन, पुञ्ञेन मेतेन च होतु मोक्खं, पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं.' ह्या फुलानं मी बुद्धाची पूजा करतो, आणि हे फूल जसं कोमेजतं तसं माझं हे शरीरही नाशाकडे जातंय. जरा थांबून बघा इथे काय चाललंय. फूल अजून ताजं आहे, वास येतोय, पाणीही सुकलेलं नाही, आणि वाहणारा माणूस त्याच क्षणी त्याच्या कोमेजण्याबद्दल बोलतोय, स्वतःला त्याच्या शेजारी ठेवून. श्रीलंकेतले उपासकही हीच गाथा म्हणतात, तिथे कमळांचे आणि चाफ्याचे ढीग लागतात आणि जुनी फुलं काढून नव्यांना जागा करतात, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. तिबेटी परंपरेत तर कलाच अशी उभी केलीये. भिक्खू दिवसचे दिवस बसून रंगीत वाळूचं मंडल घालतात आणि पूर्ण झालं की झाडून नदीत सोडतात. चीनमधल्या छिंगहाय प्रांतातल्या कुंबुम मठात लोण्याची फुलं घडवतात, लोणी वितळू नये म्हणून हात बर्फासारख्या पाण्यात बुडवून, बोटं बधिर होईपर्यंत, आणि ती फुलं मांडायची कशासाठी तर तिबेटी वर्षाच्या पहिल्या महिन्यातल्या पौर्णिमेच्या उत्सवासाठी. इतके कष्ट आणि ते टिकवण्याचा आग्रह अजिबात नाही. हे ज्याला कळलं त्याला 'कमळ काढलंय म्हणून बौद्ध कला' हा युक्तिवाद किती उथळ आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि बुद्धाची प्रतिमा नसेल तर ते बौद्ध कसं, असं विचारणाऱ्यांनी एकदा लोणावळ्याजवळच्या भाज्याच्या लेण्यांत जाऊन यावं. इसवी सनापूर्वीच्या त्या चैत्यगृहात बुद्धाची मूर्तीच नाही, साधा स्तूप आहे. सांची आणि भरहुतच्या शिल्पांत बोधीवृक्ष येतो, रिकामं आसन येतं, पाऊलखुणा, धम्मचक्र, कमळ येतं, पण माणसाच्या रूपातला बुद्ध येत नाही. म्हणजे कित्येक पिढ्या ह्या परंपरेनं चेहरा न दाखवताच सगळं सांगितलं. मग 1924 साली नागपुरात जन्मलेले, गोव्याकडच्या कुटुंबातले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे झेन ही जपानी बौद्ध ध्यानपरंपरा वाचत, वर्षाला मोजकीच चित्रं करत, एकेका कॅनव्हाससमोर कितीतरी वेळ नुसते बसून राहत, ह्याला आपण बौद्ध प्रेरणा म्हणायला का कचरतो? त्यांच्या चित्रात कमळ नाही म्हणून? 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमनं त्यांचं मोठं प्रदर्शन केलं तेव्हा जगानं बघितलं, आपल्याकडे मात्र 'बौद्ध कला' म्हटलं की अजूनही मिटलेले डोळे आणि गुलाबी पाकळ्याच डोळ्यासमोर येतात.

आता फुलाकडे येते, कारण माझ्या डोक्यात जे नाव सतत असतं ते जर्मनीच्या वोल्फगांग लाइब ह्या कलाकाराचं आहे. 1950 चा जन्म, शिक्षण डॉक्टरकीचं, ते पूर्ण केलं आणि मग डॉक्टर व्हायचंच सोडून दिलं. लाइब कुटुंबाचं दक्षिण भारताशी जुनं नातं, मदुराईच्या परिसरात येणं-जाणं, आणि वाचन बुद्धाचं, जैन विचाराचं, प्राचीन चिनी विचारवंत लाओत्सेचं. 1977 पासून हा माणूस वसंतात आपल्या गावाभोवतीच्या रानात जातो आणि हातानं फुलांतले पराग गोळा करतो. आधी हेझलची झाडं, मग डँडेलियन, मग पाइन, ज्याचा बहर असेल ते. अख्खा मोसम राबून हाताशी काही छोट्या बरण्या येतात. मग प्रदर्शनात तो ते पराग बारीक कापडातून जमिनीवर चाळतो आणि एक पिवळा चौकोन तयार होतो, इतका तेजस्वी की रंगाच्या ट्यूबमधून तो पिवळा येऊच शकत नाही. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यानं हेझलच्या परागाचा साधारण 18 बाय 21 फुटांचा चौकोन घातला, त्यातला पराग 1990 च्या दशकापासून साठवलेला होता. म्हणजे त्या जमिनीवर कितीतरी वसंत पसरलेले होते. जोरात शिंकलं तरी बिघडेल असं काम.

इथे कुणीतरी बरोबर टोकेल की अगं, पण पराग तर कोमेजतच नाही, प्रदर्शन संपलं की लाइब तो गोळा करून परत बरणीत भरतो, मग तुझी कसोटी कुठे गेली? हा मुद्दा खरा आहे आणि त्यामुळेच मी नुसतं कोमेजणं म्हणत नाहीये, त्याच्यासोबत निगा म्हणतेय. लाइबचंच दुसरं काम घ्या, 1975 पासूनचे त्याचे दुधाचे दगड. पांढऱ्या संगमरवराची लादी, वरून घासून घासून अगदी किंचित खोलगट केलेली, आणि त्या उथळ भागात दूध ओततात, काठोकाठ, की दगड कुठे संपतो आणि दूध कुठे सुरू होतं ते दिसत नाही. पण दूध नासतं. म्हणून ते रोज काढायचं, दगड स्वच्छ करायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचं, आणि हे काम म्युझियमच्या लोकांना करावं लागतं, कलाकार तिथे असो नसो. एक दिवस कुणी विसरलं तर ते काम मेलं. जे चित्र एकदा खिळ्याला टांगलं की वीस वर्षं कुणी त्याच्याकडे बघितलं नाही तरी चालतं आणि जे काम रोज माणसाचा हात मागतं, ह्या दोघांत विहारात रोज सकाळी जुनी फुलं काढून नवी ठेवणाऱ्या माणसाच्या जवळचं कुठलं? मला तरी ह्याचं उत्तर देताना शंका येत नाही.

आता विरोधी बाजूचं जे खरंच वजनदार आहे ते घेऊ. पहिली गोष्ट, सजावट ह्या परंपरेला कधीच परकी नव्हती. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या हातात निळं कमळ आहे ते सगळ्यांना माहितीये, पण मान वर करून छत बघा, फुलं, वेली, फळं, हंस, चौकटीमागून चौकट, निव्वळ आनंदानं रंगवलेलं. आणि पैसाही परका नव्हता. कार्ल्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यात धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी वस्तूंच्या व्यापाऱ्यानं दरवाजा दिल्याचा लेख आहे. अत्तरवाल्यानं दिलेलं दार! त्यामुळे 'बाजाराचा स्पर्श झाला की कला भ्रष्ट' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, त्यांच्या हिशेबानं आपली अर्धी लेणी बाद होतील. पण फरक कुठे पडतो ते बघा. अजिंठ्याचं छत ज्या जागेत आहे तिथे माणसं राहत होती, बसत होती, ध्यान करत होती, ती फुलं त्या जगण्याच्या डोक्यावर होती. 1872 ते 1885 ह्या काळात जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्या चित्रांच्या नकला केल्या, अफाट मेहनतीचं काम होतं ते, त्यातल्या बऱ्याच नकला नंतर लंडनमध्ये आगीत जळाल्या. पण त्या वेळी छतावरच्या फुलापानांकडे बघण्याचा एक हेतू विद्यार्थ्यांना डिझाइनचे नमुने मिळावेत हाही होता. म्हणजे कमळ लेण्यातून सुटं करून नमुना म्हणून वापरायची सवय दीडशे वर्षांची आहे, ती आजच्या इंटिरियरवाल्यांनी लावलेली नाही.

बुद्धाच्या मस्तकाची गोष्ट तर ह्याहून वाईट. लॉबीत किंवा कारंज्याशेजारी नुसतं डोकं ठेवलेलं असतं, आजूबाजूला पाकळ्या पसरलेल्या, आणि आपल्याला ते सुंदर वाटतं. पण नुसतं मस्तक ही कल्पना आली कुठून? चीनमधल्या लाँगमेन आणि थ्येनलाँगशान इथल्या लेण्यांतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मूर्तींची डोकी छाटून विकली गेली, ती युरोप, अमेरिका, जपानमधल्या संग्रहांत गेली, आणि धडं तिथेच उभी राहिली, आजही आहेत. थायलंडच्या अयुथ्थयातही डोकी नसलेल्या मूर्तींच्या रांगा दिसतात. बँकॉकमध्ये 'बुद्ध ही सजावटीची वस्तू नाही' अशा अर्थाचे मोठे फलक पर्यटकांसाठी लावले गेले ते उगीच नाही. तेव्हा पहिल्या बाजूचा राग मला पूर्ण समजतो, तो योग्यही आहे. फक्त त्या रागात सगळीच फुलं एका टोपलीत टाकू नयेत एवढंच माझं म्हणणं.

बाजाराबद्दल बोलायचं तर जपानी चित्रकार ताकाशी मुराकामीला टाळून चालणार नाही. हसऱ्या चेहऱ्यांची त्याची फुलं जगभर उशांवर, टी-शर्टांवर आहेत, 2003 मध्ये लुई व्हिटाँच्या बॅगांवरही त्याचं काम गेलं. ती फुलं मला आवडत नाहीत, ती कधी कोमेजणारच नाहीत अशी काढलेली आहेत आणि त्यांचं हसू मला थकवतं. पण हाच माणूस 11 मार्च 2011 च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर पाचशे अर्हतांकडे, म्हणजे निर्वाणाला पोहोचलेल्या बुद्धाच्या शिष्यांकडे, वळला. एकोणिसाव्या शतकातल्या, जपानच्या एदो काळातल्या कानो काझुनोबू ह्या चित्रकारानं अशाच आपत्तींच्या दिवसांत पाचशे अर्हतांची शंभर चित्रं केली होती, ती टोकियोच्या झोजोजी मंदिराकडे आहेत, त्यांच्याकडे बघत मुराकामीनं विद्यार्थ्यांची फौज घेऊन सुमारे 100 मीटर लांबीचं चित्र केलं आणि 2012 मध्ये ते पहिल्यांदा दाखवलं ते दोहामध्ये, कारण आपत्तीच्या वेळी कतारनं जपानला पटकन मदत केली होती. सुरकुतलेले, वाकलेले, दात पडलेले म्हातारे, शंभर मीटर. एकाच हातानं दोन्ही कामं केलीत. म्हणून कलाकारावर शिक्का मारून वाद मिटत नाही, काम बघावं लागतं.

टीमलॅबचंही तेच. 2001 मध्ये सुरू झालेला टोकियोचा हा गट, झेनमधलं एका फटकाऱ्यात काढलेलं वर्तुळ हा त्यांच्या कामांतला एक विषय, आणि त्यांच्या डिजिटल फुलांच्या खोल्या तुम्ही फोटोत नक्की बघितल्या असतील. फुलं भिंतीवर उगवतात, उमलतात, गळतात, मरतात, तुम्ही स्थिर उभे राहिलात तर जास्त उमलतात, हात लावला की पाकळ्या झडतात. कागदावर हे माझ्या कसोटीला तंतोतंत उतरतं, आणि लहान मुलं तिथे भिंतीला हात लावताना आपोआप हळू होतात हेही काही कमी नाही. पण ह्या फुलांचं मरणं कुणाच्याच अंगावर पडत नाही. झाडणारं कुणी नाही, वास नाही, पुढचं फूल लगेच तयार. कोमेजण्याचं चित्र आहे, कोमेजणं नाही. मी त्याला वाईट म्हणणार नाही, अपुरं म्हणेन.

आता सगळ्यात अवघड आक्षेप, आणि तो आपल्याच घरातला आहे. आंबेडकरी विचाराची माणसं म्हणतात की फुलं, अनित्यता, शांती हे सगळं बोलून तुम्ही बुद्धाला निवृत्त करता, ज्याच्या घरावर अन्याय चालून आलाय त्याला 'सगळं नाशवंत आहे' सांगणं म्हणजे गप्प बस सांगणं. ह्यांच्यामागे खुद्द बाबासाहेब आहेत. म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत बघून सिद्धार्थ घर सोडून गेला ही कथा त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये स्वीकारली नाही, एकोणतिशीच्या माणसाला हे तोवर दिसलंच नव्हतं हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं, त्यांनी त्या जागी सिद्धार्थाच्या शाक्य कुळाचा आणि शेजारच्या कोलियांचा रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा ठेवला. जगणंच दुःख म्हटलं तर माणसाला आशाच उरत नाही, असं त्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलं. मग मी कोमेजणाऱ्या फुलाला मध्यभागी ठेवते म्हणजे त्यांनी जे दार बंद केलं तेच परत उघडते का?

मला तसं वाटत नाही, कारण बाबासाहेबांनी नाकारला तो निराशेचा सूर, अनित्यता नाकारली नाही. उलट तिची धार त्यांनी जितकी वापरली तितकी क्वचितच कुणी वापरली असेल. 1936 च्या जातिनिर्मूलनावरच्या भाषणात ते सांगतात की काहीच स्थिर नाही, काहीच सनातन नाही, बदल हा व्यक्तीच्या आणि समाजाच्याही जगण्याचा नियम आहे. पुढे बुद्ध आणि मार्क्सची तुलना करताना बुद्धाच्या शिकवणुकीत त्यांनी हीच गोष्ट मोजून ठेवली. काहीच सनातन नसेल तर जात सनातन कशी? ज्यांचं वर्चस्व आहे त्यांना 'हेही जाणार' ऐकवणं ह्यात गप्प बसवणं कुठे आहे? अनित्यता कुणाला ऐकवली जाते ह्यावर सगळं ठरतं. पीडिताला ऐकवली तर ती क्रूर, व्यवस्थेला ऐकवली तर ती बंडखोर. नागपूरच्या सवी सावरकरांच्या चित्रांत गळ्यात मडकं आणि पाठीला झाडू बांधलेला माणूस येतो, ती चित्रं बघवत नाहीत आणि बघवू नयेतच, आणि तीही बुद्धाकडून आलेली कला आहे. त्या चित्रांना आणि परागाच्या चौकोनाला एकमेकांसमोर लढवायची मला गरज दिसत नाही. दोन्ही सांगतात की जे अढळ म्हणून तुमच्यापुढे ठेवलंय ते अढळ नाही.

दुःखाचंही तसंच. थायलंडचा कलाकार मोन्तियन बून्मा, 1953 ते 2000, बायकोच्या कॅन्सरमध्ये आणि नंतर स्वतःच्या आजारात काम करत राहिला. ती 1994 मध्ये गेली. 1992 च्या 'लोटस साउंड'मध्ये त्यानं मातीच्या घंटांची भिंत रचली होती आणि वर सोनेरी कमळपाकळ्या, नंतरच्या कामांत औषधी वनस्पती आल्या, त्यांच्या गोळ्यांच्या माळा, भिंतींना त्यांचा लेप, आत शिरलं की आधी वास. ही सांत्वनाची जागा होती हे खरं, पण देवळात जाऊन काही होणार नाही, औषधानंही कदाचित नाही, हे माहीत असलेल्या माणसानं बांधलेली. ह्याला पळपुटं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

म्हणून मला आपल्याकडच्या कलाकारांकडून आणि गॅलऱ्यांकडून काहीतरी ठोस हवंय. मुंबईत 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात, फुलं येतात, आणि दादरचं फूल मार्केट तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. पहाटे उठून हार ओवणाऱ्या बायका, ती फुलं वाहणारे, दुसऱ्या दिवशी उचलणारे सफाई कामगार, ही अख्खी साखळी आपल्या डोळ्यांसमोर आहे आणि आपण कॅनव्हासवर अजून तेच एक कमळ काढतोय. ह्या साखळीतून काम करा, खऱ्या फुलांचं करा, आणि त्या कामावर हात फिरवणाऱ्या प्रत्येकाचं नाव पाटीवर कलाकाराच्या नावाइतक्याच अक्षरांत लिहा, सफाई करणाऱ्याचं आधी लिहा. जहांगीरसारख्या गॅलरीत प्रदर्शन आठवडाभरच असतं, तेवढं पुरतं, झेंडूला आणि शेवंतीला आठवडा भरपूर झाला. फक्त गॅलरीवाल्यांनी तिसऱ्या दिवशी 'वास यायला लागला' म्हणून ते काम उचलू नये, उद्घाटनाला येऊन फोटो काढून गेलेल्यांना सातव्या दिवशी परत बोलवावं, आणि समीक्षा लिहिणाऱ्यांनी लिहायचं ते त्या दुसऱ्या भेटीनंतर लिहावं.